वादी आणि प्रतिवादी डोंगरावर

कुंभकोणम,
९ जानेवारी २०२५

चि. वसंता हीस,
अ. उ. आ. वि.

काल तुझी बस हलली. मी घरी येऊन झोपाळ्यावर बसलो, तो अजून विचारच करतो आहे. सत्तेचाळीस वर्षांत तू एकटीनं केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाचा, आणि त्यातही परतताना शेजारची भवानी मामी सोबत होती. अशी बहीण एका सकाळी भावापुढे कॉफी ठेवते, विमा कचेरीतून लांब रजा काढली असं सांगते, येरकाडचा डोंगर पाहून येते म्हणते आणि दोन्ही कुत्री टोपलीत घालून निघते. यातलं प्रत्येक वाक्य सुटंसुटं खरं असेलही. एकत्र ठेवली की मला पटत नाहीत.

डोंगर पाहायला माणूस कुत्री नेत नाही. त्यातून ही मांजराएवढी पांढरी झुबकेदार जनावरं, ज्यांना जिन्याच्या चार पायऱ्या हाच डोंगर. आणि जायच्या आधी तू घराचं काय केलंस? फिनेल घालून जमीन तीनदा पुसलीस. माझी गादी उन्हात टाकलीस. ज्या जुन्या धोतरावर ती दोघं झोपतात तेही टोपलीत कोंबलंस. घरात कुत्र्याचा एक केस राहू दिला नाहीस. परत येणारा माणूस असं घर धूत नाही. असं घर, घर सोडणारा माणूस धुतो.

तुला वाटेल मला कुत्र्यांची आठवण येते. तसं काही नाही. एक भुंकला की दुसरी त्याचं खंडन केल्याशिवाय राहत नाही, म्हणून तर मी त्यांना वादी-प्रतिवादी म्हणतो. हे खरं, की मी खोकलो की वादी जागच्या जागी उठून उभा राहतो, एकदा भुंकतो, मग प्रतिवादी आपलं म्हणणं मांडते. इतकं लक्ष चंद्रमौली डॉक्टरसुद्धा देत नाहीत. आता घरात भुंकणं नाही, त्यांचा वास नाही, तुझ्या सकाळ-संध्याकाळच्या सांब्राणीच्या धुपाचा धूर नाही. घराला कसलाच वास उरलेला नाही.

निघताना बसच्या खिडकीतून तू दोनदा बजावलंस की खोकला कसा आहे ते दर पत्रात कळवा. ते का विचारलंस, हे आधी तू कळव. आणि मुख्य प्रश्न एकच. परत येणार आहेस ना?

लोभ असावा. संशय माझ्याकडे पुरेसा आहे.

तुझा,
हरिकृष्ण


येरकाड,
१३ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तिघंही.

नामक्कलपर्यंत दोघं टोपलीत गुण्यागोविंदानं होती. मग वादीनं डोकं बाहेर काढलं. कंडक्टरानं विचारलं, आत कोंबड्या आहेत का. नाही म्हटल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मुकाट्यानं सामानाचं तिकीट फाडलं. सेलमहून घाट चढताना एका वळणावर प्रतिवादी माझ्या मांडीवर ओकली. शेजारच्या बाईनं तिच्यासाठी म्हणून लिंबू दिलं. ते मीच हुंगलं.

ज्या लॉजवर खोली सांगून ठेवली होती तिथला माणूस फोनवर म्हणाला होता की लहान कुत्रं चालेल. टोपली उघडल्यावर म्हणाला, लहान चालेल म्हणजे एक. मी तळ्याकाठी बाकावर बसले. संध्याकाळ व्हायला आली होती. अण्णा, खरं सांगते, तेव्हा परतीची बस आहे का तेवढंच मी पाहत होते. तेवढ्यात वादी निसटला आणि सरळ रस्त्यावर धावला. माणसं त्याला तमिळमध्ये ओरडून बोलावत होती. त्याला कुठं तमिळ कळतं? आपण घरात जे बोलतो तेच त्याचं जग. मी पोचायच्या आत कोणीतरी आपल्या मराठीत, अगदी आपल्या घरच्यासारखं, ‘ये रे, बैस’ म्हणालं आणि हा रस्त्याच्या मधोमध पुतळ्यासारखा बसला.

ते व्यंकोबा. तंजावरकडचेच, कॉफीच्या मळ्यात आयुष्यभर सुपरवायझर होते. त्यांच्या मळ्यातल्या घरामागे एक खोली रिकामी आहे, ती त्यांनी दिली. मी खोलीला आतून कडी घातली, भात केला, मला हवा तेव्हा जेवले. कोणाचं ताट वाढायचं नाही असं जेवण आयुष्यात पहिलंच. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी ढग. दोघं ढगावर भुंकली. ढगानं उत्तर दिलं नाही, याचा प्रतिवादीला फार राग आला.

इथं फोन लागत नाही. टॉवर बसस्टँडपाशी, तिथवर उतरायचं म्हणजे अर्धा दिवस. म्हणून पत्रच लिहा. खोकला कसा आहे? छातीत शिट्टी वाजते का? झोप लागते का? तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या उत्तरावर आहे.

आशीर्वाद असू द्यावेत, प्रश्नांइतकेच सढळ.

तुमची,
वसंता


कुंभकोणम,
१७ जानेवारी २०२५

चि. वसंता हीस,
अ. उ. आ. वि.

पत्र पोचलं. तीन वेळा वाचलं. व्यंकोबा हे नाव पहिल्या वाचनात डोळ्यांना लागलं, दुसऱ्यात घशाला.

पाठशाळेतल्या पोरांना मी तर्कशास्त्राच्या पहिल्या दिवशी डोंगराचंच उदाहरण देतो. डोंगरावर धूर दिसतो, तेव्हा तिथं अग्नी असलाच पाहिजे. तुझ्या डोंगरावर मला व्यंकोबा दिसतो. मळ्यात घर, घरामागे नेमकी रिकामी खोली, जिभेवर आपली भाषा, आणि कुत्री त्याचं ऐकतात. माझं ऐकायला वादीला सहा महिने लागले होते. या गृहस्थांचं वय काय, घरात आणखी कोण असतं, यावर तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. कंडक्टर, लिंबूवाली, लॉजवाला, सगळ्यांचं वर्णन आहे. जिथं वर्णन हवं तिथं मौन. आणि शेवटी ते कोडं: माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या उत्तरावर. इतकं गूढ तर आमचे गुरुजीसुद्धा बोलत नसत.

संक्रांत झाली. तीळगूळ भवानी मामीनं आणून दिला. तो तमिळ पद्धतीचा होता, म्हणजे त्यात तीळ शोधावे लागले. भोगीच्या सकाळी गल्लीत सगळ्यांनी जुन्या चटया न् केरसुण्या जाळल्या, त्या दिवशी मी खोकून खोकून अर्धा झालो.

खोकला विचारलास म्हणून लिहितो. तसाच आहे. तसाच कसला, वाढलाच आहे. शिट्टी वाजते, झोप नाही, काढा द्यायला घरात कोणी नाही. यावरून काय ते समज आणि बस पकड.

लोभ आहेच. तो टोपलीत घालून कोणी नेऊ शकत नाही.

तुझा,
हरिकृष्ण


येरकाड,
२१ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा खोकला तसाच आहे, उलट वाढला आहे, हे वाचून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी पत्र घेऊन अंगणात तशीच उभी राहिले. मग दोघांना दूधभात घातला, एरवी घालत नाही एवढा. काढ्याची पुडी फडताळात डावीकडच्या डब्यात आहे.

आता घाई नाही, म्हणून आणखी काही दिवस राहते. काल मी सेर्वरायनच्या देवळापर्यंत चढले. एकटीच, म्हणजे ही दोघं कमरेला दोरीनं बांधून. दोघांचे पाय माझ्या वितीएवढे, पण पुढे तीच. माथ्याजवळ धुकं असं उतरलं की दोरी दिसायची, दोरीच्या टोकाचं कुत्रं दिसायचं नाही. पाऊलवाट गेली. मी हाका मारल्या, उत्तर आलं नाही. शेवटी जोरात ‘बैस’ म्हटलं आणि आम्ही तिघंही बसलो. खूप घाबरले, अण्णा. घाबरून झाल्यावर भूक लागली. भाकरी तिघांत खाल्ली. धुकं उठलं तेव्हा वाट माझ्यापासून दोन हातांवर होती. मग वर गेले, नमस्कार केला आणि खाली आले. कोणी घेऊन गेलं नाही, कोणी परत आणलं नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

तुम्हाला तिथून धूर दिसला म्हणता. इथं धुकं आहे. दुरून दोन्ही सारखंच दिसतं.

रविवारी बसस्टँडपर्यंत उतरून फोन करीन. उचला. दोघांना तुमचा आवाज ऐकवायचा आहे.

माया आहे तशीच ठेवावी.

तुमची,
वसंता


कुंभकोणम,
२४ जानेवारी २०२५

चि. वसंता हीस,
आ. वि.

आशीर्वादांपैकी ‘अनेक’ आणि ‘उत्तम’ या वेळी राखून ठेवले आहेत. भावाचा खोकला वाढला म्हणून बहीण कुत्र्यांना दूधभात वाढते, हे मी वाचलं. अक्षर तुझंच आहे, ताडून पाहिलं.

काल कॉफीच्या दुकानात तुझ्या कचेरीतला सतीशकुमार भेटला. तुम्हाला ठाऊकच असेल म्हणून बोलून गेला, की वसंताताईंनी मुदतीआधी निवृत्त होता येतं का याची चौकशी केली होती. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखी मान हलवली आणि कॉफी तशीच ठेवून उठलो. कुंभकोणमात तीस वर्षांत मी कॉफी टाकलेली नाही.

म्हणजे रजा नव्हे. म्हणजे घर उगीच धुतलं नव्हतं. वसंता, जायचंच असेल तर सांगून जा. मी अडवणार नाही. कळल्याशिवाय मात्र राहणार नाही.

रविवारी फोन उचलीन.

तुझा,
हरिकृष्ण


येरकाड,
२७ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज मिळालं. फोन काल झाला. बरं झालं हाच क्रम लागला, नाहीतर फोनवर मला बोलताच आलं नसतं.

काल तुम्ही फोनवर खोकलात. जोरात, बराच वेळ, मधे थांबून पुन्हा. मी फोनचा आवाज मोठा करून तो टोपलीवर ठेवला होता. तुम्ही खोकलात की ही दोघं कशी उठतात ते तुम्हीच लिहिलं होतंत. अण्णा, वादीनं जांभई दिली. प्रतिवादी पंजा चाटत राहिली. पुढे तुम्ही माझं नाव घेऊन ऐकतेस ना विचारलंत, तेव्हा मात्र दोघं ताडकन उठून टोपली उलथवायला निघाली. म्हणजे आवाज ओळखला. खोकला ओळखला नाही, कारण तो खोकला नव्हताच.

आता सगळं सांगते. डिसेंबरात चंद्रमौली डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दम्याची सुरुवात दिसते, आणि घरात कुत्री आहेत, तेव्हा त्यांना काही आठवडे दूर ठेवून पाहा. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत ते मला माहीत आहे. कुत्री घरात आणि खोकला उशीत दाबला असता. म्हणून मी डोंगराचं निमित्त केलं आणि केस न् केस पुसून त्यांना घेऊन निघाले. खोकला राहिला तर कुत्री निर्दोष. थांबला तर त्यांचाच दोष. हे तुम्हीच ओसरीवर मुलांना शिकवता, मी स्वयंपाकघरातून तीस वर्षं ऐकते आहे. म्हणून तुमचं पत्र वाचून मला आनंद झाला होता.

आणि तुम्ही खोटं लिहिलं होतंत. म्हणजे खोकला थांबला.

मग त्यांना घरी आणता येत नाही. या वयात ती तमिळ शिकणार नाहीत, कुणा परक्याच्या दारात मी त्यांना सोडणार नाही. व्यंकोबांची बायको मीनाक्षीबाई सत्तरीची आहे. तुमचं ते धूर-अग्नीचं पत्र तिला वाचून दाखवलं तर तिनं ते व्यंकोबांना पुन्हा वाचायला लावलं, आणि दोन दिवस ती त्यांना अग्नी म्हणते आहे. तिनं सांगितलंय, हवी तितकी वर्षं मागची खोली घे. कचेरीतली चौकशी मी त्यासाठीच केली होती. ठरवलं नव्हतं. आता ठरवावं लागेल. तुमची छाती नीट राहणं मला कुत्र्यांहून मोठं आहे, पण त्यांनाही मीच आणलं आहे.

रागावला असाल तर रागावूनच लिहा, पण खरं लिहा.

तुमची,
वसंता


कुंभकोणम,
३१ जानेवारी २०२५

चि. वसंता हीस,
अ. उ. आ. वि. (राखून ठेवलेले दोन्ही परत जोडले आहेत.)

खोकला तू गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून नाही. भोगीचा एक दिवस सोडला तर एकदाही नाही. मी खोटं लिहिलं, कारण मला वाटलं खोकल्यासाठी तरी येशील. वादीच्या जांभईपुढे माझी मान खाली आहे.

तुझं पत्र मी दिवसभर पुन्हा पुन्हा वाचलं. मग लक्षात आलं की नुसतं वाचणं हे माझं काम नव्हे. तुझा प्रयोग तपासणं हे माझं काम. तो मी शिष्याचा तपासावा तसा तपासला, आणि नापास केला. तू कुत्री घरातून काढलीस आणि खोकला थांबला. पण कुत्र्यांबरोबर आणखी कोण घरातून गेलं? तू. आणि तुझ्याबरोबर धुपाटणं फिरवणारा हात.

आठव. कुत्री घरात येऊन दोन वर्षं झाली. खोकला आला तो गेल्या कार्तिकात. त्याआधी नवरात्रात, पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो की घराला कुत्र्यांचा वास मारतो. दुसऱ्या दिवसापासून तू निखाऱ्यांवर सांब्राणी टाकून सकाळ-संध्याकाळ खोली न् खोली भरून काढू लागलीस. मी खोकू लागलो. आणि आपल्या घरात खोकल्यावर आईच्या वेळेपासूनचा उपाय कोणता? आणखी सांब्राणी. जितका मी खोकलो तितकी तू ती माझ्या उशाशी आणलीस. डॉक्टरांनी कुत्री पाहिली. सांब्राणी त्यांना दिसली नसणार, त्यांच्याही घरात ती रोज असते. भोगीच्या दिवशी कुत्री नव्हती, तू नव्हतीस, धूर होता, आणि मी अर्धा झालो. हे मीच तुला लिहून कळवलं आणि मलाच कळलं नाही. तीस वर्षं पोरांना धुरावरून पलीकडचं काय ते ओळखायला शिकवलं. नुसता धूर मात्र पाहिला नाही.

काल सायंकाळी मी स्वतः निखारे पेटवले आणि तुझ्यासारखं धुपाटणं फिरवलं. तिसऱ्या खोलीत खोकत खोकत जमिनीवर बसलो. भवानी मामी घर पेटलं समजून बादली घेऊन आली. तिला सांगितलं की प्रयोग चालू आहे. ती बादली ठेवून गेली, पण नजर अशी होती की आज सगळ्या गल्लीला माहीत असेल.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. तो मी स्वतःच वाया घालवला. साक्षीदार तुझ्याजवळ आहेत. ९ तारखेच्या रविवारी सकाळी बसस्टँडवर ये आणि फोन टोपलीवर ठेव.

आणि एक. तुला डोंगर आवडला असेल, एकटीचं ताट आवडलं असेल, तर राहा. ते कारण मी मान्य करीन, थोडी कुरकूर करून. पण माझ्या छातीसाठी राहू नकोस. परत ये असं मी अजून एकदाही सरळ लिहिलं नाही. परत ये.

तुझा,
हरिकृष्ण


येरकाड,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

फोन मी मधेच बंद केला, त्याची माफी. कारण लिहिते.

पहिला खोकला तुम्ही मुद्दाम खोटा काढलात, ते आम्हा तिघांनाही लगेच कळलं. वादीनं माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याला समजावून सांग अशा नजरेनं. मग निखाऱ्यावर सांब्राणीची तडतड ऐकू आली. मग तुम्ही काही बोलायला गेलात आणि वाक्य पुरं झालं नाही. दुसरा खोकला अर्ध्यावर असतानाच वादी टोपलीत उभा राहिला आणि एकदा भुंकला. प्रतिवादीनं त्याचं खंडन केलं नाही, अण्णा. या खेपेला तिनं दुजोरा दिला. दोघं फोन खणून तुमच्यापर्यंत पोचायच्या बेतात होती. केळीवाला, चहावाला, बसची वाट पाहणारी सगळी माणसं वळून पाहत होती. मला तुम्हाला ‘पुरे, खिडकी उघडा’ एवढंच सांगायचं होतं, आणि या दोघांच्या भुंकण्यात माझं काही तुम्हाला ऐकू जाईना. म्हणून बंद केला.

मंगळवारच्या बसनं आम्ही तिघं निघतो. बहुधा या पत्राच्या आधीच मी दारात असेन, तेव्हा हे आलं की मला वाचून दाखवा. धुपाटणं माळ्यावर टाका. डॉक्टरांना मी सांगेन, तुम्ही नको, तुम्ही त्यांना नापास कराल. घराला कुत्र्यांचा वास येईल. येऊ द्या.

मीनाक्षीबाईनं मळ्यातली कॉफी बांधून दिली आहे. अग्नींनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

मागची खोली मी सोडलेली नाही. पुढच्या जानेवारीत पुन्हा येणार, आणि त्या वेळी वादी-प्रतिवादी तुमच्यापाशी राहतील. मी अगदी एकटी चढणार. या वेळी होतं तसं कारण तेव्हा काहीच नसेल. शोधत बसू नका.

लोभ आहे तो असू द्या, आणि थोडा संशयही ठेवा. घरात कोणीतरी वाट पाहतं आहे, हे तेवढ्यानंच कळतं.

तुमची,
वसंता